डाव्या पानावरचं फावडं

मी निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या शाळेनं ग्रंथालयातली जुनी कपाटं रिकामी करायला काढली. रोह्यातल्या त्या शाळेत मी आयुष्यभर इतिहास आणि इंग्रजी शिकवलं, पण अगदी मागच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. शेवटी कुलूप तोडलं तेव्हा आत आठ जाडजूड इंग्रजी पुस्तकं निघाली. लेखक वेगवेगळे, बांधणी वेगवेगळी, पण आठही पुस्तकं इंग्लंडातल्या एकाच जिल्ह्याबद्दल. तिकडे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. या काउंटीचं नाव एसेक्स.

एसेक्सची आठ पुस्तकं रोह्यात कशाला आली, हे मी भेटेल त्याला विचारलं. शिपाई म्हणाला, कुठल्या तरी कलेक्टरनं दिली असणार. मुख्याध्यापक म्हणाले, कंपनीच्या बंगल्यातून आली. माझ्या आधीच्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या की असं कपाटच शाळेत नव्हतं. तिघांनीही छातीठोकपणे सांगितलं, त्यामुळे माझा गोंधळ वाढला. रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा होता, म्हणून मी पुस्तकं उचलली आणि रिक्षात घातली.

आमचं घर पुलापलीकडे अष्टमीत. यजमान कंपनीत तीन पाळ्यांत राबून माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झालेले, त्यांना थट्टेला निमित्तच हवं असतं. पुस्तकं पाहून म्हणाले, आता तू एसेक्सची तलाठीण होणार. मी म्हटलं, होईन, तुम्हाला काय त्रास आहे. दुपारी जेवणं झाली की ते लवंडत आणि मी भिंग घेऊन एसेक्सात जाऊन बसत असे.

मला वाटलं होतं राजे, लढाया, किल्ले असतील. ते होते, पण थोडे. बाकी सगळा चिखल होता. चर्चच्या कुणा पाद्रीबाबानं लिहिलेल्या पुस्तकात खाडी किती आत शिरते, भरतीचं पाणी अडवायला मातीच्या भिंती कशा घालतात, त्या फुटल्या की गावांचं काय होतं, हेच पानोपानी. एका पुस्तकात मीठ पिकवणाऱ्यांच्या जुन्या भट्ट्यांचे लाल मातीचे उंचवटे, एकात मेंढीच्या दुधाचं चीज, एकात केशराचे मळे असलेलं गाव. केशराचं मी यजमानांना वाचून दाखवलं तर म्हणाले, त्यांना म्हणावं थोडं पाठवा, इथे बासुंदीत हळद घालायची वेळ आली आहे.

मी चिखलातलीच आहे. माझं माहेर पेणच्या खारेपाटात, अगदी खाडीला लागून. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये मातीचा उंच बांध. त्याला आम्ही काठा म्हणतो. काठ्यात मधेच लाकडी दार असतं, भरतीला मिटतं आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं, ती उघाडी. काठा फुटला तर त्याला खांड गेली म्हणतात. खांडीतून खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. माझे वडील उन्हाळ्यात मिठागरावर जात आणि बाकी वर्षभर काठ्यावर लक्ष ठेवत. कुठे खेकड्यानं भोक पाडलं, कुठे माती खचली, हे आधी त्यांना कळे आणि मग गावाला.

तर मी एक वही केली. डाव्या पानावर एसेक्स, उजव्या पानावर आमचं. डावीकडे पुस्तकातलं टिपायचं आणि उजवीकडे वडिलांकडून, भावाकडून ऐकलेलं आठवून लिहायचं. सुरुवातीला शिस्त होती. पुढे चष्म्याचा नंबर बदलला, वाचायचा नाद वाढला, आणि मनात पानं एकमेकांवर चिकटत गेली.

याचा पहिला झटका नागोठण्याला एका लग्नात बसला. पंगतीत मी सांगत होते की आमच्याकडे खाडीकाठचे पुरुष वरच्या गावातल्या मुली करून आणत, त्या बिचाऱ्या खाजणातल्या, दलदलीच्या तापानं मरत, मग तो दुसरी आणायचा, मग तिसरी. समोर बसलेली मुलीकडची बाई घास हातात धरून थांबली. तिची लेक आमच्याच बाजूला दिलेली होती. यजमान शेजारून शांतपणे म्हणाले, ते एसेक्समध्ये, ताई, तुम्ही जेवा. घरी येईपर्यंत ते हसत होते. मी हसले नाही, कारण हे सांगताना वडिलांचा आवाज माझ्या कानात अगदी स्पष्ट होता, आणि वडील तर हे कधी बोललेच नसणार.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणात माहेरी खांड गेली. उघाडीपासून थोड्या अंतरावर काठा बसला आणि गावाची अर्धी शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. सरकारी कचेरीत अर्ज गेला, पाहणी झाली, फोटो निघाले, पुढे काही हललं नाही. दिवाळीनंतर गावानं ठरवलं की आपणच बांधायचा. पण बांधायचा कसा, कुणी किती, हे तरण्या पोरांना माहीत नव्हतं. कुणी कंपनीत शिफ्टला, कुणी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला. काठ्यावर त्यांनी उभ्या जन्मात फावडं मारलं नव्हतं.

माझ्या थोरल्या भावाला सगळं ठाऊक होतं. पण त्याला अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालं होतं, उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. म्हणून त्याच्या मोठ्या मुलानं मला फोन केला. म्हणाला, आत्या, आजोबांकडं काठ्याचं सारं व्हतं, तू ये आणि सांग.

देवळाच्या मंडपात सभा बसली. गावातली जुनी माणसं आता उरली नाहीत, असं जो तो म्हणत होता. मागे खांबाला टेकून आमच्या समोरच्या घरची वहिनी बसली होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक सासरी, घरात ती एकटी. तिला एकच शेत, आमच्या उघाडीजवळच्या शेताला लागून.

मी सांगितलं की ज्याचं शेत जेवढं, तेवढा त्याच्या वाट्याचा काठा. ते सर्वांना पटलं. दोरी लावून वाटे पाडायचं ठरलं. मग भाच्यानं विचारलं, वहिनीच्या वाट्याचं काय? माती तर एका दिवसात घातली पाहिजे, एक वाटा उघडा राहिला तर बाकीच्यांचाही काठा जाणार. त्यानंच उत्तरही काढलं. तिच्या वाट्याचं जो बांधील त्यानं ते शेत कसावं. ते शेत आमच्याला लागून, म्हणजे कसणारा कोण ते सगळ्यांना दिसत होतं. त्याच्या मनात पाप होतं असं मी म्हणणार नाही. त्याला ते साधं आणि रास्त वाटलं. दोघे-चौघे माना हलवू लागले. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मला राग आला. माझा राग लवकर येतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “माझ्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं. ज्या घरात काम करायला माणूस नाही, त्या घरानं आपल्या वाट्याच्या काठ्यात फावडं रोवून ठेवायचं. ते फावडं दिसलं की बाकीच्यांनी काही न विचारता तो वाटा बांधायचा. शेताला हात लावायचा नाही.”

मग एक जण म्हणाला, व्हय, असंच असंल, त्यांची लेक सांगते म्हणजे. भाचा खाली मान घालून म्हणाला की त्याला हे माहीत नव्हतं. वहिनीला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

भांगाचे दिवस धरून, म्हणजे भरतीला जोर नसतो ते दिवस धरून, पौषात काठा बांधला. मी अष्टमीहून बसनं पेणला आणि तिथून सहा आसनी रिक्षानं गेले, चहाची किटली सांभाळत बसले. वहिनीच्या वाट्यात तिचं फावडं रोवलेलं होतं आणि दहा-बारा जण तिथे चिखलाच्या ढेपा एकावर एक रचत होते, त्यात भाचाही. मला वडिलांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. घरी आल्यावर यजमानांना सगळं दोनदा सांगितलं.

त्यानंतर आठवड्याभरात मी वही काढली. ही फावड्याची गोष्ट उजव्या पानावर नीट लिहून ठेवावी म्हणून. चाळता चाळता डाव्या पानावर माझ्याच अक्षरात ती सापडली: काठ्यात फावडं रोवण्याचा रिवाज. खाली पुस्तकाचा आकडा आणि पान. समोरचं उजवं पान कोरं.

मी पाचवं पुस्तक काढलं. तिथे होतंच. समुद्रापलीकडून एसेक्सात भिंती बांधायला आलेल्या डच लोकांच्या मायदेशातली चाल म्हणून लेखकानं ती दिली होती. एक चित्रही होतं, भिंतीवर सरळ उभं फावडं. पण चाल उलटी होती. ज्याला आपल्या वाट्याची भिंत राखता येत नाही, त्यानं भिंतीत फावडं रोवायचं आणि चालू लागायचं. जो कुणी ते उपटून काम हाती घेईल, जमीन त्याची.

मी भिंग खाली ठेवलं. आधी वाटलं, गावाला मी नागोठण्याच्या पंगतीसारखीच एसेक्सची गोष्ट वाढून आले, तीही स्वतःच्या मर्जीनं गोड करून. मग वाटलं, नाही, मला वडील दिसतात. काठ्यावर फावडं आहे आणि वडील त्याच्याकडे चालत जातात, ही आठवण मला पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आहे. शिवाय तिकडचं फावडं आपल्यासारखं आडव्या पात्याचं नाही, सरळ पात्याचं, म्हणून चित्रात ते ताठ उभं होतं. आपल्या फावड्याचं पातं चिखलात गेलं की दांडा तिरपा राहतो. माझ्या आठवणीत दांडा तिरपा आहे. म्हणजे ते फावडं आमच्याच काठ्यावरचं.

एवढ्यानं सुटका झाली असती तर बरं. पण आठवण पुढे चालू लागली. वडील ते फावडं उपटतात. ते खांद्यावर टाकून आमच्या घरी आणतात. पात्याच्या एका कोपऱ्याला लोहारानं दोन रिबिटं मारून ठिगळ लावलेलं आहे. मी सहा-सात वर्षांची असेन. आणि उघाडीजवळच्या शेतात आम्ही पहिल्यांदा लावणीला गेलो, ते त्याच्या पुढच्या पावसात. त्याआधी आम्ही त्या शेतात जात होतो का? मला आठवत नाही. ते कुणाचं होतं, तेही आठवत नाही.

सातबारावर वडिलांचं नाव होतं, आता भावाचं आहे. त्याआधीचा फेरफार काढला असता तर एका दुपारीत कळलं असतं. यजमान म्हणाले, चल, पेणला तहसीलला जाऊ, अर्ज टाकू. मी आज गुडघा, उद्या पाहुणे असं करत राहिले. खरं सांगायचं तर मी घाबरले. सदतीस वर्षं पोरांना मी पुरावा म्हणजे काय ते शिकवलं, आणि स्वतःच्या घरचा कागद काढायला माझे पाय उचलत नव्हते.

कागदाऐवजी मी भावाकडे गेले. तो ओटीवर खुर्चीत बसून असतो, तोंड रस्त्याकडे. मी जवळ बसून हळूच विचारलं, दादा, उघाडीजवळचं शेत आधी कुणाचं होतं? ते ठिगळाचं फावडं वडिलांनी कुठून आणलं? त्यानं डावा हात उचलून समोर दाखवलं. समोर वहिनीचं घर आहे. त्याच्या मागे काठा आहे आणि काठ्यामागे खाडी. मी म्हटलं, वहिनीच्या सासऱ्यांचं? त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण झटका आल्यापासून त्याच्या डोळ्यांतून चहा दिला तरी पाणी येतं. मी परत आले ती जास्तच चक्रावून.

आता प्रश्न असा होता की गावाला खरं सांगायचं की नाही. पण खरं काय ते मलाच माहीत नव्हतं. सांगावं की माझी चूक झाली, असा रिवाज नव्हता, तर वहिनीचं शेत पुढच्या खांडीला जाणार. न सांगावं तर वडिलांच्या नावावर मी असं काही चढवलं होतं, जे कदाचित त्यांनी केलेल्याच्या नेमकं उलटं होतं. यजमानांना विचारलं. थट्टा न करता ते म्हणाले, तू गप्प राहा. त्यांनी थट्टा केली नाही याचीच मला धास्ती वाटली. पुस्तकं मी कपाटात ठेवून दिली आणि वर्षभर उघडली नाहीत.

गेल्या माघात नव्या काठ्याची डागडुजी निघाली. नवी माती पहिल्या पावसाळ्यात बसतेच, तिच्यावर पुन्हा थर घालावा लागतो. मी गेले तेव्हा ओहोटी लागली होती आणि माणसं आपापल्या वाट्यावर उतरली होती. आमचा वाटा मात्र मोकळा. मोठ्या भाच्याचा पाय प्लास्टरमध्ये, धाकट्याला कंपनीत सुट्टी नाही. आमच्या काठ्यात एक फावडं रोवलेलं होतं. भावाच्या सुनेनं सकाळीच येऊन रोवलं होतं, आदल्या वर्षी मी सांगितलेल्या रिवाजाप्रमाणे. चांगली फावडी लोक मागून घेऊन गेलेले, म्हणून तिनं माळ्यावरचं जुनं काढलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. पात्याचं टोक चिखलात होतं, पण वरचा कोपरा बाहेर होता, आणि त्यावर दोन रिबिटांचं ठिगळ होतं.

मी ते उपटून घरी पळवणार, तेवढ्यात वहिनी काठ्यावरून आली. तिचा स्वतःचा वाटा तिच्या फावड्यापाशी पोरं बांधत होती. ती आमच्या फावड्यासमोर थांबली. वाकून तिनं ठिगळावरून अंगठा फिरवला. मग दोन्ही हातांनी दांडा धरून फावडं उपटलं.

मला कळेना की आता कुठला रिवाज चालू आहे. मी सांगितलेला धरला तर ती शेजारधर्म करत होती. डाव्या पानावरचा धरला तर उघाडीजवळचं शेत त्या क्षणी तिचं झालं होतं, आणि माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हतं. तिनं पदर खोचला, खाली उतरली आणि ढेपा कापायला लागली. साठी उलटलेली बाई. तिला पाहून तिच्या वाट्यावरची पोरं आमच्याकडे आली, मग आणखी काही. मीही घमेलं उचललं, तर तिनं मान हलवून मला बाजूला बसवलं. पाणी परत चढायच्या आत आमचा वाटा पुरा झाला.

वहिनीनं उघाडीच्या पाण्यात फावडं धुतलं आणि माझ्याकडे आली. तिच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

“वन्सं, काठा तुमचा झाला,” ती म्हणाली. “फावडं मातर मी नेते. ते आमचं हाय. मामंजी मरंपर्यंत सांगत व्हते.”

मला खूप काही विचारायचं होतं. तोंडातून एवढंच आलं की मग सभेत का बोलली नाहीस.

“तुमी सांगितलं ते बरं व्हतं,” ती म्हणाली. “म्हनून गप बसले.”

शेताबद्दल ती बोलली नाही. मीही बोलले नाही, आणि त्याची मला लाज वाटते. ते माझं नाही, भावाचं आहे, त्याच्या मुलांचं आहे, असं मी त्या दिवसापासून स्वतःला सांगते आहे. ते पटत नाही. वहिनी फावडं खांद्यावर टाकून काठ्यावरून सावकाश चालत गेली. दुसऱ्या बाजूनं वडील तेच फावडं खांद्यावर टाकून येताना मला एकदा नीट दिसले, आणि त्यांचा चेहरा पाहायला मी मान वर केली नाही.

संध्याकाळी भावाची सून सगळी अवजारं मोजून माळ्यावर ठेवत होती. तिनं विचारलं, आत्याबाई, आपलं जुनं फावडं कुणी नेलं? मी म्हटलं, ते घरी गेलं. ती आमच्या माळ्याकडे पाहत राहिली. खुर्चीतून भावानं समोर डावा हात केला.